कंपनी बदलली आणि रेंज गेली



‘ताई, कंपनी बदलली आणि रेंज गेली.’ मुरबाड, शहापूर, टिटवाळा, बदलापूरच्या खेड्यांतून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की आजचं बोलणं त्यावरच करायचं ठरवलं. मी रिचार्ज आणि दुरुस्तीच्या दुकानात बसते. समोरची बाई पदराने फोन पुसून काउंटरवर ठेवते आणि विचारते, टॉवर बिघडलाय का हो? कधी बिघडलेला असतोही. पण पुष्कळदा टॉवर जागेवर धडधाकट उभा असतो. अडचण असते फोनमध्ये, सिममध्ये, नाहीतर कुणीतरी सेटिंगमध्ये करून ठेवलेल्या एखाद्या बदलात. कुठली अडचण कुठं आहे हे ओळखता आलं, की निम्म्या वेळा दुकानात यायचीही गरज पडत नाही. (दुकानदार असून हे सांगतेय, याची नोंद घ्या.)

आधी हे बोलायचं कशासाठी, ते सांगते. पूर्वी रेंज गेली की बोलणं राहायचं, एवढंच. आता गॅसचं बुकिंग फोनवर, बँकेचा निरोप फोनवर. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र नेटवर्कवर चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारला जोडलेल्या फोनवर एक ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या फोनवर दुसरा, असे दोन आकडे वेळेत यावे लागत होते. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. पाड्यावरची बाई रेंजसाठी टेकडीवर चढणार, तिथं इंटरनेट नीट चालणार नाही म्हणून फॉर्म खाली सेवा केंद्रात भरला जाणार, आणि ओटीपी येणार तो टेकडीवर. हे गणित दहा मिनिटांत बसवून दाखवा! महिन्याचे १५०० रुपये रेंजच्या एका दांडीवर टांगलेले असतात, तेव्हा ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ हा शब्द फार हलका वाटतो.

आपल्याच मुरबाड तालुक्यातलं धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, बँक ऑफ बडोदाने व्यापाऱ्यांना कार्डाची यंत्रं दिली होती. भाजीवाल्यापासून सगळ्यांच्या हातात यंत्र. नोटबंदीचे दिवस होते, कौतुकही झालं. पण ते यंत्र म्हणजेही शेवटी एक प्रकारचा फोनच. त्याला लाइन किंवा सिमची रेंज मिळाली तर ते चालणार, नाहीतर गल्ल्यातली नोटच खरी. गाव कॅशलेस करायचं तर पहिली गरज रेंजची, हे तेव्हा जाहिरातीत कुणी लिहिलं नव्हतं.

आता हे ‘बदललं’ म्हणजे काय काय बदललं, ते थोडक्यात पाहू. कारण तुम्ही कंपनी बदलली नाहीत तरी तुमच्या डोक्यावरचं नेटवर्क बदललेलं असू शकतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. तिचं नेटवर्क पहिल्या दिवसापासून ४जी आणि त्याच्या पुढचं. तिच्याकडे २जी नाही, ३जी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जिथं दोघींचे टॉवर जवळजवळ होते तिथं दोन ठेवण्याचं कारण उरलं नाही. २०२० पर्यंत एअरटेलने ३जी बंद केलं. त्यामुळे ज्यांचा फोन ३जीपर्यंतचाच होता, त्यांचं बोलणं २जीवर आलं आणि इंटरनेट बैलगाडीच्या चालीने चालायला लागलं. बाईला वाटतं फोन म्हातारा झाला. फोन होता तसाच आहे, त्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली गेली.

मग जुलै २०२४. पहिल्याच आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. चार फोनांच्या घराला तो फटका जाणवला आणि लोक बीएसएनएलकडे वळले. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे त्या एका महिन्यात देशभरात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. माझ्यासमोरही रांग होती. पण त्या वेळी बीएसएनएलचं ४जी पुष्कळ ठिकाणी उभं राहायचं होतं. स्वदेशी ४जीचं देशभराचं उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या वर्षभरात जे पोर्ट होऊन गेले, त्यांतल्या अनेकांना पैसे वाचले आणि रेंज गेली, असा अनुभव आला. त्यात त्यांचा दोष नव्हता. वाढलेल्या दरापुढे गरिबाने दुसरं काय करायचं?

आता आपल्या भागाची एक खास गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यांना माहीत असायला हवी. मोबाइल कंपन्यांना सरकार परवाने देतं ते जिल्ह्याप्रमाणे देत नाही, सर्कलप्रमाणे देतं. मुंबई हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. मुंबई सर्कलची हद्द जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांवरून आखलेली आहे: मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण. घरच्या फोनचे एसटीडी कोड आठवतात ना? कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, मुरबाडचा ०२५२४, शहापूरचा ०२५२७. त्या ०२५१ च्या पलीकडे गेलात की तुम्ही ठाणे जिल्ह्यातच असता, पण मोबाइलच्या हिशेबाने महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये पोहोचलेल्या असता. म्हणजे मुरबाडच्या बाईचं मोबाइलचं माहेर कोल्हापूर, पणजीच्या बाजूचं, आणि तिची डोंबिवलीला दिलेली लेक मुंबईची!

याने काय फरक पडतो? फार पडतो. एकाच कंपनीकडे दोन सर्कलमध्ये वेगवेगळ्या लहरी असतात, टॉवर किती दाट लावायचे याचे हिशेबही वेगळे असतात. लेक डोंबिवलीहून सांगते, ‘आई, माझ्या कंपनीचं सिम घे, मला घरात पाचही दांड्या येतात.’ आई ते घेते आणि पाड्यावर एकही दांडी येत नाही. लेक खोटं बोललेली नसते. तिच्या इमारतीवरचा टॉवर आणि आईच्या डोंगरामागचा टॉवर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कंपनी निवडताना शहरातल्या माणसाचं मत धरू नका. तुमच्या शेजारणीचं धरा.

दुसरा फरक रोमिंगचा. कल्याणात घेतलेलं सिम घेऊन तुम्ही मुरबाडच्या आत राहत असाल, तर काही फोनांना वाटतं की आपण परगावी आहोत. कोपऱ्यात बारीकसं इंग्रजी ‘आर’ अक्षर दिसतं. बोलणं होतं, पण इंटरनेट चालत नाही, कारण सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. ते चालू केलं की काम होतं. देशातल्या देशात त्याचे जास्त पैसे आता पडत नाहीत, म्हणून घाबरू नका. सासरी-माहेरी ये-जा करणाऱ्या मुलींनी हे पहिल्यांदा तपासावं.

रेंज कमी का येते याला आपल्या डोंगरांचाही हात आहे. मोबाइलची लहर साधारण सरळ रेषेत चालते. माळशेजच्या पायथ्याला किंवा डोळखांबकडच्या दऱ्यांत मधे एक सोंड आडवी आली की पलीकडचं गाव सावलीत जातं, जसं दुपारनंतर उन्हाचं होतं तसं. शिवाय कंपनी टॉवर लावते तो जिथं वर्दळ आहे तिथं. नाशिकचा महामार्ग, कल्याण-मुरबाड-नगर रस्ता आणि रेल्वे लाइन यांच्या अंगाने टॉवर दिसतात, त्यांची तोंडं रस्त्याकडे असतात. रस्त्यावरून गाडीत जाणाऱ्याला दोन मिनिटांसाठी छान रेंज, आणि दोन किलोमीटर आत जन्मभर राहणाऱ्याला नाही. भातसा, तानशाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं. उलट वाटेने रेंज मात्र येत नाही, असं तिकडच्या बायका म्हणतात ते उगाच नव्हे.

बरं, आता कामाचं. रेंज गेली तर काय बघायचं?

सगळ्यात आधी शेजारी जा. त्याच कंपनीचं सिम असलेल्या दोघी-तिघींना विचारा. त्यांनाही रेंज नसेल तर दोष टॉवरचा, तुमच्या फोनशी खेळून काही होणार नाही. लाइट गेल्यावर थोड्या वेळाने सगळ्यांची रेंज जाते का, हेही बघा. टॉवरला बॅटरी असते, ती काही तासच पुरते. पुढे डिझेलचा जनरेटर चालवायचा असतो, तो कुणी चालवला नाही की गाव अंधारात आणि बिनआवाजाचं. अशी रेंज जात असेल तर तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे तक्रारीला उपयोगी पडतं.

शेजारणीला रेंज आहे आणि तुम्हालाच नाही, तर दोघींची सिमं अदलाबदल करून बघा. तुमचं सिम तिच्या फोनमध्ये नीट चाललं, तर सिम चांगलं, फोनमध्ये गडबड. तिचं सिम तुमच्या फोनमध्ये चाललं आणि तुमचं तिच्या फोनमध्येही चाललं नाही, तर सिममध्ये गडबड. दुकानात आम्ही पहिल्यांदा हेच करतो. यात कसलं शास्त्र नाही, दिवा लागला नाही तर बल्ब दुसऱ्या होल्डरला लावून बघतो तसंच.

फोनमध्ये गडबड असेल तर काय असू शकतं, इथं मी जरा थांबणार आहे. कारण घरात बाईच्या हातात जो फोन असतो तो बहुतेक वेळा घरातला सगळ्यात जुना फोन असतो. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना नवऱ्याकडे जातो, नवऱ्याचा जुना तिच्याकडे येतो. काच तडकलेली, बॅटरी फुगायला आलेली. मग नेटवर्क बदललं की पहिला बंद पडतो तो तिचा फोन. आणि घरात म्हटलं जातं, ‘हिला फोन वापरता येत नाही.’

तिच्या फोनचे प्रकार तीन. पहिला, बटणांचा साधा फोन, जो फक्त २जी ओळखतो. त्यात जिओचं सिम घातलं तर कधीच चालणार नाही, टॉवरखाली उभं राहिलं तरी नाही, कारण जिओकडे २जी नाहीच. बटणांचाच फोन हवा असेल तर ४जीवर चालणारा मिळतो, तो विचारून घ्या. डबा दिसायला सारखाच असतो. दुसरा प्रकार, जुना दोन सिमचा टचस्क्रीन. यांतल्या बऱ्याच फोनांत दोन स्लॉट दिसायला सारखे, पण ४जी फक्त पहिल्याला. दुसरा स्लॉट २जीपुरता. नवं सिम आलं की आपण ते रिकाम्या, म्हणजे दुसऱ्या स्लॉटमध्ये घालतो, आणि ‘नो सर्व्हिस’ आलं की कंपनीला शिव्या देतो. सिमांच्या जागा बदलल्या की फोन जागा होतो. हे मी इतक्या वेळा केलंय की आता त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते.

तिसरा प्रकार जरा गुंतागुंतीचा. फोन ४जीचा आहे, पण त्या कंपनीची लहर त्याला ऐकू येत नाही. रेडिओचं उदाहरण घ्या, तुम्ही आत्ता रेडिओच ऐकताय. एखादा रेडिओ ज्या आकड्यापर्यंत लागतच नाही तिथलं स्टेशन त्यावर कसं लागेल? फोनचंही तसंच. बीएसएनएलच्या ४जीचा मोठा भार ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर आहे. ७०० ची लहर खेड्यासाठी उत्तम, कारण आकडा जितका लहान तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आतही शिरते. पण सात-आठ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ फोनांना ७०० ऐकूच येत नाही. म्हणून शेजारणीच्या नव्या फोनवर चार दांड्या आणि तुमच्या जुन्यावर शून्य, असं होतं. यावर सेटिंगचा इलाज नाही. कंपनी बदलण्याआधी दुकानात फोनचं मॉडेल सांगून ‘याला ही लहर लागते का’ एवढं विचारायचं.

इलाज असलेल्या गोष्टी सेटिंगमध्ये आहेत. विमानाचं चित्र असलेलं बटण पंधरा सेकंद चालू करून बंद करा, म्हणजे फोन टॉवरला नव्याने हाक मारतो. मग सेटिंगमध्ये ‘मोबाइल नेटवर्क’मध्ये जा. तिथं नेटवर्कचा प्रकार असतो. कुणी तो ‘फक्त २जी’ किंवा ‘फक्त ३जी’ करून ठेवला असेल, तर सगळे प्रकार चालतील असा करा. ‘व्होएलटीई’ किंवा ‘४जी कॉलिंग’ असं बटण असेल ते चालू ठेवा. ते बंद असलं की काही ठिकाणी इंटरनेट चालतं आणि फोन मात्र लागत नाही, आणि बाई चक्रावते की व्हॉट्सॲप येतंय मग रिंग का येत नाही. कंपनी बदलल्यावर हमखास नडणारी आणखी एक जागा म्हणजे नेटवर्कची निवड. ती ‘ऑटोमॅटिक’ हवी. पूर्वी कधी मुलाने हाताने जुन्या कंपनीचं नाव निवडून ठेवलं असेल, तर फोन अजून त्याच जुन्या घराचं दार वाजवत बसतो. आणि रेंज आहे पण इंटरनेट नाही, असं असेल तर एपीएन नावाच्या यादीत जाऊन ‘डीफॉल्ट रीसेट करा’ म्हणा, नव्या कंपनीचा पत्ता फोन स्वतः भरून घेतो.

फोनवरच्या दांड्यांवर फार विसंबू नका. कुठल्या फोनने किती जोराला किती दांड्या दाखवायच्या याला काही एक नियम नाही. खरा आकडा सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’, मग ‘सिम स्टेटस’ इथं मिळतो. उणे ८५, उणे ११० असा. उण्यापुढचा आकडा जितका लहान तितकी रेंज चांगली. उणे ९० पर्यंत ठीक, उणे ११० च्या पलीकडे गेलं की बोलणं तुटणार. आणि दहाचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही, उणे १०० ही उणे ११० च्या दहापट ताकद आहे. हा आकडा बघत घरात फिरा. चुलीपाशी किती, ओटीवर किती, मागल्या दारी किती. पत्र्याच्या घरात फार फरक दिसतो, कारण पत्रा लहर अडवतो. कौलं जाऊन पत्रे आले तेव्हा गळती थांबली, रेंजही थांबली. फोनची एक जागा ठरवा, खिडकीत किंवा ओटीच्या खांबाला. आणि तो तिथंच ठेवून स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनने बोला.

बाजारात आणि ऑनलाइन ‘रेंज वाढवणारं’ यंत्र मिळतं, बूस्टर म्हणतात. ते घेऊ नका. परवानगीशिवाय ते विकणं, घेणं, बसवणं बेकायदा आहे, आणि त्यामुळे तुमच्या घरात दांड्या वाढल्या तरी आजूबाजूच्या चार घरांचं नेटवर्क बिघडतं. फोनच्या मागे चिकटवायचे सोनेरी स्टिकर तर निव्वळ फसवणूक.

आता ज्यांनी अजून कंपनी बदललेली नाही, विचार चालू आहे, त्यांच्यासाठी. माझं स्पष्ट मत आहे, आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर कधीही पहिला हलवू नका. घरात दुसरा नंबर असेल तो आधी बदला किंवा नव्या कंपनीचं एखादं स्वस्त सिम आठ-पंधरा दिवस घरात वापरून बघा. सकाळी, रात्री, पावसात, लाइट गेल्यावर. एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर रेंजचा नकाशा टाकावा लागतो, शाळकरी मुलाला सांगितलं तर तो तुमचं गाव काढून देईल. नकाशा आकाशातून बघितल्यासारखा असतो, घराच्या आतलं त्यात कळत नाही, पण गावात अजिबात रंग नसेल तर तेवढं तरी समजतं.

पटलं तर नंबर तोच ठेवून बदला. पोर्ट शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. आपल्याच सर्कलमध्ये बदलायचं तर कामाचे तीन दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. एकदा बदललं की पुढचे ९० दिवस परत बदलता येत नाही, म्हणजे घाईने केलं तर तीन महिने भोगावं लागतं. सिम हरवून नवं काढलं असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सात दिवस पोर्टही करता येत नाही. आणि सिम बदलून घेतलं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, ठगांपासून वाचवायला केलेली ती सोय आहे. त्या दिवशी ओटीपीचं कुठलंही काम काढू नका. बीएसएनएलचं जुनं सिम असणाऱ्यांना ४जीसाठी सिम बदलून घ्यावं लागतं, त्यांनाही हे लागू.

सगळ्यात वाईट गोंधळ होतो तो वेगळाच. गावात छत्री लावून सिम विकणारा येतो, ‘फुकट आहे, घ्या’ म्हणतो आणि बाई नव्या नंबरचं सिम घेते. जुन्यात रेंज नाही म्हणून ते डब्यात पडतं. ९० दिवस वापर झाला नाही आणि त्यात पैसेही नसले की नंबर बंद होतो, पुढे काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. आधारला मात्र तोच जुना नंबर. ओटीपी जातो परक्या माणसाच्या फोनवर, आणि इथं बाई सेवा केंद्रात बसून राहते. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. अंगठा लागतो, म्हणून स्वतः जावं लागतं. मग बँकेत. बाकी सगळं त्यानंतर.

जुन्या सिमवर साठवलेले नंबर सिमबरोबर जातात, हेही लक्षात असू द्या. सिम काढण्याआधी ते फोनमध्ये उतरवा, आणि आशाताई, दवाखाना, गाडीवाला, माहेर, एवढे तरी वहीत लिहा.

टॉवरचाच दोष असेल तर तक्रार. १९८ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. बोलणं झाल्यावर तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समोरचा म्हणेल, ‘मॅडम, फोन बंद करून चालू करा.’ म्हणायचं, केला, क्रमांक द्या. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकटीच्या तक्रारीला वजन कमी, म्हणून बचत गटातल्या ज्यांच्याकडे तीच कंपनी आहे त्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करा, प्रत्येकीचा क्रमांक वहीत लिहा. मग ती वही घेऊन ग्रामसभेत जा आणि ठराव मागा. गावात टॉवरच नसेल तर ठरावाशिवाय गत्यंतर नाही. सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० वंचित गावांत ४जी पोहोचवायची २६ हजार कोटींची योजना मंजूर केली, ते काम बीएसएनएलकडे आहे. आपला पाडा त्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारलं पाहिजे. इथं एक पाचर असते: महसुली गाव रस्त्याला असतं, तिथं रेंज असते, म्हणून कागदावर गाव ‘झालं’. ठाकूरवाडी नाहीतर कातकरवाडी तीन किलोमीटर वर, ती त्या गावातच मोजली जाते. अर्जात पाड्याचं नाव, गावठाणापासूनचं अंतर आणि घरांची संख्या वेगळी लिहा.

जानेवारी २०२५ पासून आणखी एक सोय आली आहे. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल या तिन्हींच्या ग्राहकांना एकमेकींचं ४जी वापरता येतं. तुमच्या गावचा टॉवर असा असेल तर कंपनी बदलायची गरजच नाही, फक्त ती नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ असायला हवी. टॉवर कुणाच्या पैशाने बांधलाय, हे ग्रामसेवकाला विचारा.

जाता जाता एक. फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं लिहून येतं ना, त्याचा अर्थ, तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची आहे. अशा वेळी ११२ लावून बघा. तो आकडा फोन तातडीचा म्हणून ओळखतो आणि मिळेल त्या टॉवरवरून जोडायचा प्रयत्न करतो. पोलीस, आग आणि दवाखान्याची मदत, तिन्हीसाठी तोच नंबर. रुग्णवाहिकेचा १०८ आपल्याला पाठ आहे, पण आपल्या सिमला रेंज नसताना तो लागेलच असं नाही. ज्यांच्या घरात दिवस भरत आलेली सून किंवा लेक आहे त्यांनी घराजवळच्या कुठल्या जागेवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द दिसतो, ती जागा दिवसाउजेडी शोधून ठेवावी, घरातल्या सगळ्यांना दाखवावी. आंब्याखाली असेल, विहिरीच्या कठड्यापाशी असेल. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन ती शोधत हिंडायला वेळ नसतो.